वरची माती

विश्वंभर माती काढायला आला की शेतकऱ्याला आधी बांधावर चपला काढून ठेवाव्या लागत. दुसऱ्याच्या रानातली माती तळव्याला चिकटून आपल्या रानात येते आणि मग तपासणीत भलत्याचंच काहीतरी निघतं, असं त्याचं म्हणणं. उन्हाळ्यात काळं रान तव्यासारखं तापतं, ढेकळं पायात टोचतात. पण शिरड शहापूरपासून औंढ्यापर्यंत भलेभले बागायतदार त्याच्यासमोर अनवाणी, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभे राहिलेले लोकांनी बघितलेत. माणूस तसा अंगानं किरकोळ, घरात मालनबाईसमोर कधी आवाज न चढवणारा. पण हातात खुरपं आलं की त्याच्या अंगात साहेब संचारायचा.

माती परीक्षणाच्या कामावर तो ठेकेदारामार्फत होता. नमुने काढायचे, पिशवीत भरून हिंगोलीला पोचवायचे, इतकंच त्याचं काम. पुढची तपासणी यंत्रं करायची. पण गावाला यंत्रं कुठं दिसतात? गावाला विश्वंभर दिसायचा. त्यामुळे रानात जस्त कमी निघालं की लोक त्यालाच बोलायचे, आणि हळद जोरात आली की त्यालाच चहा पाजायचे. ‘मातीचा डॉक्टर’ म्हणायचे. उगा काही म्हणू नका, असं तो म्हणायचा खरा, पण चेहऱ्यावर सगळं दिसायचं.

माती काढायची त्याची एक ठरलेली रीत होती. रानातून नागमोडी चालायचं. झाडाखालची, उकिरड्याजवळची, बांधालगतची जागा टाळायची. जागा धरली की आधी तिथला काडीकचरा, गवत आणि वरची सुटी माती खुरप्यानं खरवडून लांब लोटायची. मग वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेनं मातीचा एक काप घ्यायचा. सगळ्या जागांची माती घमेल्यात एक करून गोणपाटावर पसरायची, चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. पिशवीत मावेल इतकी उरेपर्यंत हे चालायचं. ह्या सगळ्यात खरवडण्यावर त्याचा भारी कटाक्ष. एकदा किशनराव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं घाई केली, वरूनच दोन मुठी उचलून पिशवीत टाकल्या, तर विश्वंभरनं सगळी पिशवी त्याच्यादेखत उलटी केली.

“वरचं काय किशनराव, वाऱ्यानं आणून टाकलेलं,” तो म्हणाला. “त्यो काय तुमच्या वावराचा गुण हाय का? आपल्याला वावराची माती पायजे.”

आणि सांगून ठेवलेलं बरं, की त्याचं बरोबर होतं. सोयाबीन, हळद, तूर, कशासाठीही माती काढायची तर अशीच काढतात. ह्यात त्याची चूक काढायला गेलात तर तोंडावर पडाल.

पुढं ठेकेदार बदलला आणि नवा आपली माणसं घेऊन आला. विश्वंभर घरी बसला. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाकडं बघायचा. मालनबाईला ते बघवेना. त्यांना लेकरू एकच, शीतल. ती लग्न होऊन पार लांब गेलेली. जावई प्रमोद वेल्डर होता, दुसऱ्या राज्यात समुद्राच्या बाजूला एका अणुवीज प्रकल्पात ठेकेदारीवर. प्रकल्पाच्या कुंपणाला लागून कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत हे दोघं राहायचे. खोलीमागं घोंगडीएवढं अंगण होतं. शीतलनं त्यात मेथी लावली होती आणि एक शेळीही पाळली होती. गावाकडचं काहीतरी हाताखाली असावं, दुसरं काय.

एक दिवस त्या प्रकल्पात काहीतरी बिघाड झाला. नक्की काय, ते खोल्यांपर्यंत आलंच नाही. वाफ सुटली, असं कामगार म्हणत. जे झालं ते आतल्या आत झालं, कुंपणाबाहेर काही आलेलं नाही, असं मोठे साहेब म्हणत. बायांनी मात्र गाठोडी बांधायला घेतली. शीतलला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. इकडं मालनबाई फोनवर रडून मोकळी झाली, असशील तशी निघून ये म्हणाली. प्रमोद म्हणाला, जरा दम धरा, आजूबाजूची सगळी माती तपासणार आहेत, विष पडलं असेल तर तिच्यात दिसेलच. आणि त्यानंच पुढं सांगितलं की हे काम एका खाजगी एजन्सीकडं आहे, तिला माती काढणारी माणसं मिळेनात, तर मामांना पाठवा.

विश्वंभर दुसऱ्याच दिवशी निघाला. घमेलं आणि खुरपं स्वतःचं घेतलं. आयुष्यभर परक्याच्या रानाची काळजी वाहिली, आता स्वतःच्या लेकीचं अंगण तपासायचं होतं. गाडीत त्याला झोप लागली नाही.

एजन्सीचा मुकादम तरणा पोरगा होता आणि त्याच्या डोक्यावर कामाचा डोंगर होता. विश्वंभरनं आपला अनुभव सांगताच त्यानं सुटकेचा श्वास टाकला. मग तुम्हाला काय शिकवायचं काका, म्हणाला. पिशवी कशी बांधायची आणि मोबाइलमध्ये जागा कशी टिपायची, तेवढं दाखवलं. पहिल्या दिवशी विश्वंभरचं काम बघून तो इतका खूश झाला की बाकीच्या पोरांना त्यानं त्याच्याभोवती उभं केलं आणि सांगितलं, बघून घ्या, अशी काढायची. विश्वंभरची छाती भरून आली. वयाच्या पन्नाशीत तो पहिल्यांदा मास्तर झाला होता.

शीतलचं अंगण त्यानं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. सगळी चाळ जमली. सगळ्यांना चपला काढायला लावल्या. शेळीच्या लेंड्या, पालापाचोळा, वरची भुसभुशीत माती, सगळं त्यानं खरवडून कुंपणाकडं फेकलं, हातभर जागा आरशासारखी लख्ख केली आणि मग खड्डा घेतला. शीतल कमरेवर हात ठेवून बघत होती. शेजारणींना कौतुकानं सांगत होती की आमचे आबा देवपूजा जेवढी मन लावून करत नाहीत तेवढी ही करतात.

काही आठवड्यांनी निकाल आला. मातीत काही नाही. एकाही पिशवीत नाही. विश्वंभरनं चाळीत उभं राहून आपल्या तोंडानं ते सांगितलं आणि बायांनी गाठोडी सोडली. कुणी जरा कुरकुर केली तर शीतलच तिला समजवायची, अगं, माझ्या आबाच्या हातानं काढलेली माती आहे. ती राहिली, म्हणून चाळ राहिली. विश्वंभर गावी परतला तो ताठ मानेनं.

मग शीतलला डोहाळे लागले. चिंच नको, कैरी नको, माती पाहिजे. त्यात नवल काही नव्हतं. मालनबाईनं शीतलच्या वेळी चुलीचं निम्मं मातीचं पाखं खाल्लं होतं, सासू बोलायची म्हणून पदराआड लपून. पण शीतलकडं गॅस, चूल आणायची कुठून? अंगणातला एखादा खडा जिभेवर ठेवावासा वाटतो, असं तिनं लाजत फोनवर सांगितलं. असलं काही करू नको, असं मालनबाई सांगत होती तेवढ्यात विश्वंभरनं तिच्या हातातून फोन घेतला. त्याला हसू आवरत नव्हतं.

“खा माय, खुशाल खा,” तो म्हणाला. “लेकीला खायची माती तपासून देणारा बाप कुटं पाह्यलास का? म्या देली.”

शीतल हसली. मालनबाईसुद्धा हसली. ही गोष्ट मग विश्वंभरनं गावात चारचौघांना सांगितली आणि तेही हसले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तो तिला जाऊन घेऊन आला. शेळी शेजारणीकडं ठेवली. आणि शीतल घरी आल्यावर, दोनेक महिन्यांनी, एजन्सीचा पुन्हा फोन आला. मातीची दुसरी फेरी करायची होती. ह्या वेळी आधी दोन दिवस शिकवणार होते. आता मला काय शिकवता, असं विश्वंभर मनात म्हणाला, पण गेला.

शिकवायला प्रतिक्षा मॅडम म्हणून एक बाई आल्या होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, बोलायला शांत. त्यांनी एका मैदानात सगळ्यांना गोल बसवलं. आधी कात्रीनं गवत कापून ते वेगळ्या पिशवीत ठेवलं. मग पोलादाचं एक रुंद कडं जमिनीवर ठेवून हातोडीनं ठोकलं आणि त्याच्या आतली दोन-तीन बोटं जाडीची माती अलगद, वरच्या पाचोळ्यासकट उचलली. विश्वंभर पुढं सरकला. वरचं साफ करायचं राहिलं की, असं तो सांगणारच होता.

मॅडम सांगत होत्या की प्रकल्पातून काही सुटलं तर ते हवेतून येतं आणि जमिनीच्या वर बसतं. गवतावर, पाचोळ्यावर, वरच्या बोटभर मातीत. तिथं ते चिकटून राहतं, खाली उतरायला त्याला वर्षं लागतात. म्हणून इथं पडलेलं एक पानही उचलून टाकायचं नाही. जे टाकाल, नेमकं तेच आपल्याला मोजायचंय.

विश्वंभरला आधी कळलंच नाही. किंवा कळलं आणि आत शिरेना. त्यानं विचारलं, मग खालची माती? मॅडम म्हणाल्या, खालची जुनी माती, ती बहुतेक सगळीकडं चांगलीच निघेल. वाऱ्यानं आणून टाकलेलं. आयुष्यभर तो हेच शब्द लोकांवर फेकत आला होता, आणि हेच त्यानं शीतलच्या अंगणात आपल्या हातानं खरवडून फेकलं होतं.

एक मात्र त्याला मानायला पाहिजे, तो गप्प बसला नाही. तसाच उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मागच्या वेळी आपण वरची माती काढून टाकली होती. इतर पोरांनी माना खाली घातल्या. त्यांनीही तसंच केलं होतं, कारण त्यांना विश्वंभरनंच शिकवलं होतं. मॅडमनी वरच्या साहेबांना फोन लावले. वरच्यांनी सांगितलं की निकाल जाहीर झालेला आहे, नमुन्याची पद्धत जरा वेगळी होती एवढंच, आता पुढची फेरी नीट करा.

मॅडम स्वतः त्याच्याबरोबर चाळीवर आल्या. चिखल होतो अशी बायांचीच तक्रार होती, म्हणून मधल्या काळात प्रकल्पाच्या ठेकेदारानं सगळी अंगणं उकरून, मुरूम टाकून वर रूळ फिरवला होता. मेथी नव्हती, कुंपणाकडचा कचऱ्याचा ढीग नव्हता. लाल, गुळगुळीत, टणक जमीन होती. विश्वंभरनं कडं टेकवलं तर ते ठोकलं तरी आत जाईना. मॅडम उकिडव्या बसून त्या मुरमाकडं बघत राहिल्या.

“काका, बहुधा इथं काही नसेलच,” त्या म्हणाल्या. “पण होतं की नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.”

माणसात बघता येतं का, हे त्यानं विचारलं. कुणासाठी, ते सांगितलं नाही. मॅडमनी समजावून सांगितलं की यंत्र असतं, पण ते आज अंगात काय आहे तेवढं दाखवतं. एवढ्या महिन्यांत शरीर बरंचसं बाहेर टाकून देतं. म्हणजे आज काही नाही निघालं, तरी तेव्हा नव्हतं असं म्हणता येत नाही. विश्वंभर मान हलवत होता. त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. डोहाळे लागलेली बाई माती खाते ती काही वीतभर खणून खात नाही. वरचाच खडा उचलते.

दुसरी फेरी न करताच तो परत आला. तब्येत बरी नाही म्हणाला. मालनबाईला वाटलं दमलाय. चार दिवसांनी शीतलला मुलगी झाली. गोरीपान, डोकंभर जावळ. वजन जरा कमी भरलं, पण पहिलटकरणीचं असं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऐकणाऱ्या बाकी सगळ्यांचं समाधान झालं. विश्वंभर दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसला आणि वजन जरा कमी भरलं, हेच मनाशी घोळवत राहिला.

त्यानं नातीला हातात घेतलं नाही. लहान लेकराची भीती वाटते म्हणाला. स्वतःच्या लेकीला ज्यानं रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरवलं, त्याला कसली आली भीती, असं मालनबाई बोललीही. त्याच आठवड्यात किशनराव आला, हळदीच्या रानाची माती काढून दे म्हणाला. विश्वंभरनं नकार दिला. ते काम त्याला अजूनही बरोबर येत होतं, तिथं खरवडायचंच असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्याला खुरपं हातात धरवेना.

आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता बारावा दिवस उजाडला. घर बायांनी भरलं. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, आत्यानं कानात नाव सांगितलं, पुनम. पाठीत धपाटे पडले, हसणं झालं. शेजारच्या नानीबाईनं पाळण्यात वाकून बघितलं आणि पोरगी कशी उजळ आहे, केशर खाल्लं होतं का गं, असं शीतलला विचारलं. शीतल बाळंतिणीच्या खाटेवर टेकून बसली होती, तोंडावर तेज होतं.

“केशर कुटलं, नानीबाई,” ती म्हणाली. “माती खाल्ली म्या. साधी न्हाई, आमच्या आबानं तपासलेली.”

बाया पोट धरधरून हसल्या. विश्वंभर दारात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभा होता. त्यानं पातेलं खाली ठेवलं आणि परसात निघून गेला, तो बाया जाईपर्यंत आत आला नाही.

दुपार कलली, बाया आपापल्या घरी गेल्या. घरात तिघंच उरली आणि पाळण्यात लेकरू. विश्वंभर खाटेसमोर जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. खरवडलेली माती, कडं, मुरूम, मॅडम, सगळं. मालनबाईला निम्मं समजलं नाही, पण नवऱ्याचा आवाज समजला आणि ती भिंतीला धरून खाली बसली. शीतलला सगळं समजलं. चिडेल, ओरडेल, असं त्याला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिला आधी चाळीतल्या बाया आठवल्या. त्या माझ्या शब्दावर राहिल्या, एवढंच ती म्हणाली. त्यातल्या दोघी पोटुश्या होत्या. त्यांची नावंही तिनं घेतली.

विश्वंभरला काहीतरी द्यायचं होतं. त्याच्याजवळ एकच होतं, ते त्यानं दिलं.

“मॅडम म्हनल्या, बहुधा काई नसंल.”

“बहुधा,” शीतल म्हणाली. तिनं त्याच्याकडं बघितलं. “आबा, तवा तुमी बहुधा म्हनले न्हाई.”

पाळण्यात पुनम चुळबुळली, मुठी चोखल्या आणि भुकेनं रडायला लागली. शीतलनं सवयीनं तिला उचललं, पदर सारला आणि मध्येच थांबली. लेकरू छातीपाशी तोंड मारत होतं. तिनं त्याला हातभर लांब धरलं.

“पाजू का नको, तेवढं सांगा.”

हे तिनं डॉक्टरला नाही, आईला नाही, त्याला विचारलं. मातीचं, पाण्याचं, पिकाचं, जे काही असेल ते लहानपणापासून ती त्यालाच विचारत आली होती आणि त्याच्याकडं उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. पाज म्हणावं, तर कोणत्या तोंडानं? खा म्हणताना तर त्याला पुरी खात्री होती. नको म्हणावं, तर आजवर पाजलं त्याचं काय, आणि पोटात वाढताना गेलं त्याचं काय? पुनम लालबुंद होऊन रडत होती. तिचे पाय हवेत थरथरत होते. विश्वंभरचे ओठ हलले.

“मला न्हाई सांगता येत, माय.”

मालनबाई उठली. लेकराला असं रडवू नये, असं काहीतरी पुटपुटत तिनं शीतलचे हात धरून पुनमला तिच्या छातीशी लावलं. रडणं थांबलं. शीतलनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि ती पाजत राहिली. तिचे खांदे हलत होते, पण तिनं आवाज केला नाही. लेकरू घटाघटा पीत होतं. विश्वंभर खाली बसल्या जागेवरून ते पिणं ऐकत राहिला आणि ते संपेपर्यंत त्याला उठता आलं नाही.